परक्या देशाचा बाजार कसा वाचावा?

आपल्याकडे व्यापार हा अंगभूत गुण मानला जातो. अमुक जातीच्या माणसाच्या रक्तातच धंदा असतो आणि अमुक जातीच्या माणसाला तो कधी जमायचाच नाही, असे सहजपणे बोलले जाते. बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तविक रक्तात धंदा नसतो. पेढीवर बसणाऱ्या बापाच्या शेजारी बसून मुलगा रोज काहीतरी ऐकत असतो. कोणत्या मालाला कोठे मागणी आहे, कोणता गिऱ्हाईक उधारी बुडवतो, कोणत्या महिन्यात भाव पडतो, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो, हे सारे त्याच्या कानावर पडते. हे ऐकणे म्हणजेच धंद्याचे शिक्षण. ते घरात मिळते म्हणून रक्तातले वाटते. ज्याला त्या पेढीची पायरीही चढू दिली नाही, त्याच्या कानावर यातले काहीच पडले नाही. शूद्राने धनसंचय करू नये असा दंडक मनुस्मृतीने घातला. आणि धनसंचय करू द्यायचा नसेल तर धनाची माहितीही त्याच्यापर्यंत पोचू देऊन चालत नाही. तेव्हा भांडवल नाही एवढीच आमची अडचण नाही. माहिती नाही ही त्याहून जुनी अडचण आहे.

मी जुन्या जालन्यात राहतो आणि आयुष्यभर वाणिज्य शाखेला शिकवत आलो. कुंडलिकेच्या एका काठाला आमचा जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. हे शहर लहान असले तरी त्याचे व्यवहार लहान नाहीत. संकरित बियाणांचा मोठा व्यवसाय येथे १९६४ मध्ये महिकोच्या स्थापनेने सुरू झाला. लोखंडाच्या सळ्या तयार करणारे कारखाने येथे आहेत, आणि त्यांच्या भट्ट्यांना लागणारे भंगार देशातून येते तसे परदेशातूनही येते. भट्टीपुढे उभा राहणारा मजूर आमच्या वस्तीतला असतो, रस्त्यावर भंगार वेचणारी बाई आमच्या वस्तीतली असते. भंगाराचा जगातला आजचा भाव ज्याच्या हाती सकाळीच येतो, तो माणूस मात्र आमच्या वस्तीतला नसतो. एकाच लोखंडाभोवती जगणाऱ्या या माणसांमधले अंतर नुसत्या पैशाचे नाही, ते माहितीचेही आहे.

या लेखात मला एक व्यावहारिक गोष्ट सांगायची आहे. ज्याच्या घरात पेढी नाही, ज्याचा मामा दुबईला नाही, त्या तरुणाने किंवा तरुणीने एखाद्या परक्या देशातील धंद्याची परिस्थिती ग्रंथालयातून आणि इंटरनेटवरील सार्वजनिक साधनांतून कशी अभ्यासावी, ही ती गोष्ट. कार्यकर्त्यांना हा विषय आपला वाटणार नाही याची मला कल्पना आहे. परंतु त्यांनी एक गोष्ट आठवावी: या मार्गाने आमच्यातला पहिला माणूस गेला तो बाबासाहेबच होते.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी ज्या विषयांवर लेखन केले त्यांत प्राचीन भारताचा व्यापार हा विषय होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हाही होता. एका परदेशी कंपनीने आमच्या देशाचा पैसा कसा हलवला, हे त्यांनी सरकारी अहवाल आणि हिशेब वाचून शोधले. पुढे लंडनला ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसले. त्या बैठकीतून रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये बाहेर आला. निरनिराळ्या देशांच्या चलनांचा आणि सोन्याच्या भावाचा अभ्यास त्यांनी केला होता, म्हणूनच १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे ते अधिकाराने बोलू शकले. त्यांच्या आयुष्यातली आणखी एक घटना येथे सांगण्यासारखी आहे. परदेशातून परतल्यावर मुंबईत त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ला चुकीचा होता अशी कोणाची तक्रार नव्हती. तो कोणाच्या तोंडून येतो एवढ्यावरच तो नाकारला गेला. माहिती मिळवणे आणि मिळवलेली माहिती बाजारात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा आम्हाला त्या घटनेतून मिळतो. तो विसरून कोरड्या पद्धतीचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. एखाद्या देशाचे व्यवसाय पर्यावरण म्हणजे काय? क्रमिक पुस्तकांत त्याची लांबलचक व्याख्या असते. साध्या भाषेत सांगायचे तर सहा प्रश्न आहेत. त्या देशात माझा माल शिरताना जकात किती आणि अटी कोणत्या? तेथे तसा माल कोण विकत घेतो आणि किती घेतो? तेथला कायदा मला, परक्या माणसाला, कितपत संरक्षण देतो? पैसे वेळेवर मिळतील काय? तेथे काम करणाऱ्या माणसांची स्थिती काय आहे? आणि तेथला समाज कोणाला आपला मानतो व कोणाला परका? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे व्यापारी शोधतातच. शेवटचे दोन प्रश्न बहुधा सोडून दिले जातात. आमच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहेत.

या प्रश्नांची उत्तरे एका आकड्यात मिळतात असा समज मध्यंतरी फार पसरला होता. जागतिक बँक 'डुइंग बिझनेस' नावाचा अहवाल २००३ पासून काढत होती. कोणत्या देशात धंदा करणे किती सोपे आहे हे क्रमांक लावून त्यात सांगितले जाई. भारताचा क्रमांक २०१४ मध्ये १४२ होता, तो २०१९ मध्ये निघालेल्या अहवालात ६३ वर आला, आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. परंतु या क्रमांकाच्या आत काय होते? भारतासाठी मोजमाप होत असे ते मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांचे. जालना त्यात नव्हते, बीड नव्हते, गडचिरोली नव्हते. मोजण्यासाठी एक कल्पित कंपनी धरलेली असे. ती मर्यादित जबाबदारीची, नोंदलेली, ठराविक कामगारसंख्या असलेली. त्या कंपनीच्या मालकाला जात नव्हती. बँकेच्या दारात त्याचे आडनाव कोणी विचारत नव्हते, गाळा भाड्याने देताना त्याला कोणी 'तुमचे गाव कोणते' असे विचारत नव्हते. पुढे २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतील काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार झाल्याचे उघड झाले, त्यांत चीन आणि सौदी अरेबियाचे आकडेही होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने हा अहवालच बंद केला. त्याच्या जागी 'बी-रेडी' नावाचा नवा अहवाल आला. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये ५० अर्थव्यवस्थांपुरती निघाली. यावरून बोध असा घ्यावा की क्रमांकापासून अभ्यास सुरू करू नये. क्रमांक कोणी लावला, कोणाला विचारून लावला, आणि कोणाला विचारले नाही, हे आधी पाहावे. ज्या समाजाला हजारो वर्षे क्रमवारीतच बसवले गेले, त्याला क्रमवारीविषयी संशय घ्यायला कोणी शिकवण्याची गरज नसावी.

मग सुरुवात कोठून करावी? मी एक उदाहरण घेऊन सांगतो. उदाहरण चामड्याच्या चपलेचे आहे आणि देश इटली आहे. हे उदाहरण मी मुद्दाम निवडले. जून २०२५ मध्ये मिलान शहरातील पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही. येथे ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीने मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर भौगोलिक मानांकनाची नोंदणी आहे त्यांनीच दाद मागायची असते, ही अडचण तेथे पुढे आली. ती नोंदणी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे तसेच महामंडळ यांच्या नावावर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन महामंडळांशी कंपनीचा सामंजस्य करार झाला, आणि सुमारे ८०० युरो किमतीचे २००० जोड काढण्याची योजना जाहीर झाली. आमच्या माणसाच्या हातची चपल इटलीच्या दुकानात कितीला जाऊ शकते हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळले. ते कळायला एका परदेशी कंपनीने नक्कल करण्याची वाट पाहावी लागली, याचा विचार झाला पाहिजे.

आमच्या वस्तीतील एका तरुण चर्मकाराने त्या दिवसांत मला विचारले, 'सर, मला माल बाहेर पाठवता येईल का?' त्याच्याकडून एका मध्यस्थाने 'एक्स्पोर्टचा नंबर काढून देतो' म्हणून बरेच पैसे उकळले होते. आयात-निर्यात कोड हा नंबर विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करून ५०० रुपये शुल्कात मिळतो. माहितीच्या अभावाची किंमत ही अशी रोख मोजावी लागते. त्याच्याबरोबर बसून आम्ही जो अभ्यास केला, त्याच्या पायऱ्या पुढे देत आहे.

पहिली पायरी मालाचा क्रमांक शोधण्याची. जगातील प्रत्येक वस्तूला जकातीसाठी एक क्रमांक असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे. त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. प्रकरण ६४ पादत्राणांचे, ६४०३ चामड्याच्या वरच्या भागाच्या पादत्राणांचे. आणि ६४०३.२० चे वर्णन असे आहे: तळ चामड्याचा, आणि वर पंजावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. म्हणजे आपली चपलच. जगाच्या जकात खात्याने आमच्या चपलेला स्वतंत्र ओळ दिलेली आहे, आणि आमच्या वस्तीत कोणालाही ती ठाऊक नव्हती. हा सहा अंकी क्रमांक हाती आला की जगभरच्या आकडेवारीचे दार उघडते. तो नसेल तर सगळे शोधणे अंधारात चाचपडणे होते.

दुसरी पायरी आकडेवारीची. संयुक्त राष्ट्रांचे 'कॉमट्रेड' आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचे 'ट्रेड मॅप' या दोन ठिकाणी कोणत्या देशाने कोणाकडून किती माल घेतला ते दिसते. भारताच्या वाणिज्य मंत्रालयाचीही आकडेवारी संकेतस्थळावर आहे. येथे एक खबरदारी घ्यावी. भारत म्हणतो इटलीला इतका माल पाठवला, आणि इटली म्हणते भारताकडून इतका आला. हे दोन आकडे जुळत नाहीत. निर्यात करणारा देश मालाची किंमत आपल्या बंदरातली धरतो, आयात करणारा त्यात जहाजभाडे आणि विमा मिळवतो. शिवाय माल दुसऱ्याच देशाच्या बंदरात उतरून पुढे जातो तेव्हा नोंदी फिरतात. म्हणून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. एकच आकडा खरा मानून चालणाऱ्याची फसगत होते. दुसरे असे की एका वर्षाचा आकडा घेऊ नये. निदान पाच वर्षांचे आकडे घ्यावेत, आणि त्यांत करोनाची दोन वर्षे येत असतील तर ती वेगळी काढून पाहावीत.

तिसरी पायरी जकात आणि अटींची. इटली युरोपीय संघात असल्यामुळे तिची जकात संघच ठरवतो. संघाचे 'ॲक्सेस टू मार्केट्स' हे संकेतस्थळ २०२० पासून आहे. त्यावर मालाचा क्रमांक आणि पाठवणारा देश टाकला की दर आणि अटी समोर येतात. दर पाठ करू नयेत, करार होतात आणि दर बदलतात. अमिरातीशी भारताचा करार मे २०२२ पासून अमलात आला, ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये सही झाली. दर कोठे पाहायचा ते ठिकाण पाठ असावे, आणि पाहिल्याची तारीख वहीत लिहावी.

जकातीपेक्षा अटी अधिक बोलक्या असतात. त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-सहा हा घटक एका किलोत ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, असा युरोपीय संघाचा नियम मे २०१५ पासून लागू आहे. काही अॅझो रंगांवर बंदी आहे. जोडावर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे हे सांगणारी चिठ्ठी लागते. हा निर्देश १९९४ चा आहे. नियम मोडणारा माल पकडला गेला की त्याची सूचना 'सेफ्टी गेट' या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येते. आमचा तरुण हे वाचून म्हणाला, 'म्हणजे आपला माल बाद.' पण नीट पाहिल्यावर निराळेच दिसले. क्रोमियमचा प्रश्न येतो तो क्रोमने कमावलेल्या कातड्यात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून जुन्या पद्धतीने कमावलेल्या चामड्यात क्रोम घातलेलेच नसते. ज्या कामाला या देशाने विटाळ म्हटले, त्या कामातले ज्ञान युरोपच्या कायद्यापुढे अधिक टिकणारे निघाले. अर्थात केवळ आपल्या शब्दावर कोणी माल घेत नाही. रंगाची आणि चामड्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावीच लागते. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या क्षेत्रात आहे, हे आमच्या माणसांना ठाऊक असले पाहिजे.

चौथी पायरी नावाच्या हक्काची. आम्ही भौगोलिक मानांकनाची नोंदवही पाहिली. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाची ही नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते. 'कोल्हापुरी चप्पल' हे मानांकन २०१९ मध्ये मिळाले, ते आठ जिल्ह्यांसाठी: महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. जालना त्यात नाही. आमच्या तरुणाची चपल हुबेहूब तशीच असली तरी ती 'कोल्हापुरी' या नावाने विकणे कायद्याला धरून होणार नाही. हे त्याला कडू वाटले, परंतु माल पाठवून अडकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळले हे बरे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये मानांकन मिळाले आहे. बागायतदारांनी ते मिळवले, आमच्या कारागिरांच्या कोणत्याही मालासाठी कोणी अर्ज केला नाही. शिवाय भारतातले मानांकन इटलीत आपोआप चालत नाही. युरोपीय संघाने हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या मानांकनाचा नवा कायदा २०२३ मध्ये केला, तो १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्यात बाहेरच्या देशातील उत्पादकांनाही अर्ज करता येतो. हे वाक्य चर्मकारांच्या प्रत्येक संघटनेने आपल्या कार्यालयात लिहून लावावे असे आहे.

पाचवी पायरी गिऱ्हाईक खरे की खोटे हे पाहण्याची. युरोपातील कंपनी जो व्हॅट क्रमांक देते, तो खरा आहे काय हे संघाच्या 'व्हीज' या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येते. इटलीतल्या कंपन्यांची नोंदवही तेथल्या व्यापारी मंडळांकडे असते. पैसे बुडण्याच्या धोक्यासाठी निर्यात पतहमी महामंडळ १९५७ पासून आहे, आणि ते देशांची धोक्यानुसार वर्गवारी करते. मोठ्या व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही, त्याचा मुनीम हे जाणतो. आमचा मुनीम ग्रंथालयात आहे.

सहावी पायरी, जी मी सर्वांत महत्त्वाची म्हटली, ती तेथल्या माणसांची. सरकारी आणि व्यापारी मंडळांची पत्रके वाचून इटलीचे चित्र फार देखणे दिसते. लहान लहान कारागिरांची गावे, मार्के प्रांतातले जोडे बनवणारे, टस्कनीतले कातडे कमावणारे. वनस्पतींच्या सालीने कमावणी करणाऱ्या टस्कनीच्या कारखान्यांनी तर स्वतःचा संघ काढून आपल्या चामड्याला शिक्का दिला आहे, आणि तेथे कातडे कमावणारा माणूस अभिमानाने आपले नाव सांगतो. हे वाचताना मन भरून येते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने अरमानी आणि दिऑर या घराण्यांच्या दोन उत्पादक कंपन्या न्यायालयीन देखरेखीखाली आणल्या, कारण त्यांच्या पोटकंत्राटदारांच्या कारखान्यांत मुख्यतः चिनी स्थलांतरित कामगारांची पिळवणूक होत असल्याचे तपासात आढळले होते. म्हणजे तेथेही गावकुसाबाहेर कोणीतरी आहे. व्यवसाय पर्यावरणाचा अभ्यास करताना कंपनीचे पत्रक एका हातात आणि न्यायालयाचा निकाल दुसऱ्या हातात धरावा. आमच्या कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सक्तीच्या श्रमातून तयार झालेल्या मालाला युरोपीय संघाच्या बाजारात बंदी घालणारा कायदा २०२४ मध्ये झाला आहे, आणि १४ डिसेंबर २०२७ ही तो लागू होण्याची तारीख आहे. वेठ, आगाऊ उचल देऊन बांधून घेतलेला मजूर, यांविरुद्ध येथे लढणाऱ्या माणसाच्या हाती हे एक नवे साधन आहे. म्हणून हा विषय केवळ धंदेवाल्यांचा नाही.

हे सर्व इंटरनेटवर असताना ग्रंथालय कशाला, असे विद्यार्थी विचारतात. इंटरनेटवर आजचा आकडा मिळतो. तो आकडा असा का झाला हे समजायला पुस्तक लागते. उत्तर इटली आणि दक्षिण इटली यांच्यातली दरी समजल्याशिवाय 'इटलीची बाजारपेठ' हा शब्दच पोकळ आहे; आणि मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांच्यातली दरी सोसलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय हे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांचे जुने आणि मोठे भांडार आहे. आमच्या जवळ छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. तेथेच मिलिंद महाविद्यालय आहे, जे १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केले. 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्याखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्थांतून वाचता येतात, आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. हा पैसा आमच्याही कराचा आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या आमच्या मुलांनी याचा वापर केला नाही तर तो दुसरेच कोणी करतील. १९६७ च्या कायद्याखाली चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती मात्र निराळी आहे. तेथे कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रे असतात, व्यापाराची संदर्भपुस्तके क्वचितच. वाचकाने मागणी केल्याशिवाय ग्रंथपाल ती आणणार नाही. तेव्हा मागणी लेखी करावी.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी गावकीची कामे टाकून द्यायला सांगितले, शहरात जा, शिका म्हणाले. आणि तुम्ही पोरांना पुन्हा चामड्याकडे ओढता काय? माझे उत्तर असे. जातीने लादलेला धंदा आणि माहितीने निवडलेला धंदा यांत फरक आहे. पहिल्यात भाव दुसरा ठरवतो, दुसऱ्यात आपण भाव विचारू शकतो. ज्याला चामड्याचे काम नको त्याने ते अजिबात करू नये. हीच पद्धत त्याने बियाणांना लावावी, सळ्यांना लावावी, संगणकाच्या कामाला लावावी. चपल हे उदाहरण आहे, ते प्राक्तन नव्हे. त्याचबरोबर येथली परिस्थितीही तपासली पाहिजे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तिचा परिणाम कातड्याच्या पुरवठ्यावर झाला. परदेशाचे पर्यावरण अभ्यासणाऱ्याने आपल्या देशाचे पर्यावरणही त्याच सहा प्रश्नांनी अभ्यासावे. शेवटचा प्रश्न, समाज कोणाला आपला मानतो, हा तर येथेच आधी विचारायचा आहे.

आमच्या तरुणाचा माल अजून इटलीला गेलेला नाही. त्याने आधी देशातच आपल्या नावाने आणि आपल्या शिक्क्याने विक्री करायचे ठरवले, आणि तपासणीसाठी नमुने तयार केले. अभ्यासाचा निष्कर्ष 'आत्ता नको' असाही निघू शकतो, आणि तो फुकट गेलेला अभ्यास नव्हे. मध्यस्थाच्या सांगण्यावरून कर्ज काढून माल पाठवणे आणि समजून उमजून थांबणे यांत एका कुटुंबाच्या सर्वनाशाचे अंतर असू शकते.

शेवटी कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक सूचना करतो. प्रत्येक गावात चार-पाच जणांचे अभ्यासमंडळ काढावे. एकाने एक देश घ्यावा, एक वही घालावी. वहीत मालाचा क्रमांक, दोन्ही बाजूंचे आकडे, जकात, अटी, नावाचा हक्क, पैशाचा धोका आणि कामगारांची स्थिती अशी सात पाने ठेवावीत. प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली आणि कोणत्या दिवशी, हे लिहावे. संकेतस्थळे बदलतात, अहवाल बंद पडतात. भाषांतर यंत्राने केलेले असेल तर तसे नमूद करावे. वर्षातून एकदा सर्व वह्या समोर ठेवून वाचाव्यात आणि वस्तीतल्या ज्याला हव्या असतील त्याला द्याव्यात. पेढीवरच्या माणसाने आपले ज्ञान मुलालाच दिले आणि तिजोरीत ठेवले. आमच्या हाती आलेले ज्ञान वस्तीतल्या कोणालाही उघडून पाहता आले पाहिजे, नाहीतर आमच्यातच एक नवी पेढी उभी राहील.